बुद्धिबळ: क्रीडा की नुसता बैठा खेळ?

अडीचघर
शनिवार, संध्याकाळी ७:१०

नमस्कार मंडळी,

आठ दिवस मनात घोळतंय ते आज लिहून टाकते.

माझी मुलगी १३ वर्षांची आहे. शालेय बुद्धिबळ स्पर्धेत १४ वर्षांखालच्या गटात ती तालुक्यात पहिली आली, जिल्ह्यातून निवडली गेली, आता विभागाला जाणार आहे. गेल्या शुक्रवारी शाळेचा क्रीडादिन झाला. खो-खोचा संघ, लांब उडी, गोळाफेक, १०० मीटर, एकेकाचं नाव पुकारलं, मुलं टाळ्यांच्या गजरात वर गेली. ही आदल्या रात्री स्वतः इस्त्री केलेला पांढरा गणवेश घालून पुढच्या रांगेत बसली होती. हिचं नाव आलंच नाही. नंतर मी विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "बुद्धिबळ छंदात धरतो आम्ही, स्नेहसंमेलनाला बक्षीस देऊ. आजचा दिवस क्रीडेचा आहे." तिच्या प्रमाणपत्रावर मात्र ठळक अक्षरांत 'शालेय क्रीडा स्पर्धा' असं छापलंय.

घरी आल्यावर ती काही बोलली नाही. गणवेश बदलला, पट मांडला आणि एकटीच बसली. ते बघवलं नाही.

माझ्याकडे तिच्या मे महिन्यातल्या एका डावाची स्कोअरशीट आहे. रेटिंग स्पर्धा होती, दोघींना ९०-९० मिनिटं आणि प्रत्येक खेळीला ३० सेकंद जास्तीचे. डाव ७४ खेळ्या चालला, म्हणजे चार तासांच्या वर. चाळिसाव्या खेळीपर्यंत अक्षर वळणदार आहे. पन्नाशीनंतर ओळी तिरक्या होत जातात. साठनंतर एका चौकोनात दोनदा खोडलंय आणि शेवटच्या पाच-सहा खेळ्या मलाही वाचता येत नाहीत. ती बाहेर आली तेव्हा तळवे ओले आणि बर्फासारखे गार होते. डबा तसाच परत आला. एसटीत बसल्या बसल्या बूट न काढता झोपली ती थेट आमच्या स्टँडवर उठवली. जिंकली होती, बरं का.

आता हे सगळं छंदात धरायचं?

फिडे ही जागतिक बुद्धिबळ संघटना १९२४ साली पॅरिसला स्थापन झाली, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने तिला १९९९ मध्ये मान्यता दिली. आपल्याकडे तर १९६१ साली, अर्जुन पुरस्कार सुरू झाले त्याच वर्षी, मॅन्युएल आरन यांना बुद्धिबळासाठी तो मिळाला. खेलरत्न सुरू झाला तेव्हा पहिला मान विश्वनाथन आनंदचा. देशाने इतक्या वर्षांपूर्वी ठरवून टाकलेली गोष्ट शाळेच्या पटांगणात येईपर्यंत कुठे अडते?

मला भांडायचं नाही. मुख्याध्यापिकाबाईंना अर्ज द्यायचाय आणि तो नीट मुद्देसूद द्यायचाय. तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणाने लिहा, विरोधातलं असलं तरी.


मातीतलाच
शनिवार, रात्री ९:४०

ताई, आधी लेकीचं मनापासून अभिनंदन. नाव पुकारलं नाही ते चुकलंच, त्याबद्दल दुमत नाही.

पण धाग्याच्या प्रश्नाला माझं उत्तर 'नाही' असं आहे. मी २२ वर्षं खो-खो शिकवतोय. पोर खांबावर सूर मारतं तेव्हा कोपर सोलवटतं, गुडघ्यातून माती काढावी लागते. पाळीच्या चौथ्या-पाचव्या मिनिटाला छाती फुटायला येते आणि तेव्हाही पाय कुठे वळवायचा हे ठरवावं लागतं. शरीर आणि डोकं एकाच वेळी, एकाच श्वासात. मी क्रीडा म्हणतो ती ही. बुद्धिबळाची थोरवी मी कमी करत नाही, माझा धाकटा भाऊ जिल्ह्याला खेळलेला आहे. थोर असायला क्रीडाच असावं लागतं असं कुठे आहे? गाणं थोर आहे, गणित थोर आहे.

माझी खरी भीती वेगळी आहे, ती सांगतो. मी पाहिलेल्या कितीतरी शाळांना मैदान नाही. तपासणीला कोणी आलं की वर्गात चार पट आणि दोन कॅरम बोर्ड मांडतात आणि अहवालात लिहितात, 'शाळेत क्रीडा उपक्रम सुरू आहेत.' बुद्धिबळ क्रीडेत धरलं की ही पळवाट कायमची पक्की होते. पीटीचा तास आधीच गणिताच्या बाई मागून घेतात. उद्या म्हणतील, मुलं वर्गातच क्रीडा करतायत, मैदान कशाला?

सातवीतली मुलं दोरीवर तीस उड्या मारू शकत नाहीत हो. मी रोज बघतो.


शब्दवेडी
शनिवार, रात्री १०:२५

मला यात भाषेचीही गंमत दिसते. मराठीत हा वाद मुळात नव्हताच. लगोरी खेळ, कुस्ती खेळ, सागरगोटे खेळ, बुद्धिबळही खेळच. फार तर मैदानी खेळ, मर्दानी खेळ आणि बैठे खेळ अशी वाटणी होती, पण तीही खेळ या एकाच छपराखालची. 'बैठा' म्हटल्याने कोणी खालच्या पायरीवर जात नव्हतं.

'क्रीडा' हा आपल्या बोलण्यातला शब्द नाही, तो कार्यालयातला आहे. क्रीडा खातं, क्रीडा अधिकारी, क्रीडा गुण. आई पोराला "जा, क्रीडा करून ये" म्हणत नाही. म्हणून ताई विचारतायत तो प्रश्न खरं तर 'हा खेळ आहे का' असा नाही. सरकारी यादीत नाव कोणाचं, पैसा आणि मान कोणाला, असा आहे. आणि तसाच तो विचारावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणखी एक. बुद्धिबळात 'बळ' आहे. संस्कृतात बल म्हणजे ताकद आणि बल म्हणजे सैन्यही. चतुरंग म्हणजे हत्ती, घोडे, रथ, पायदळ. हा खेळ जन्मापासून लढाईचा आहे, कोड्याचा नाही.


नाडीपरीक्षा
रविवार, सकाळी ८:०५

वैद्यकीय बाजूने थोडं लिहितो, कारण या विषयावर एक आकडा हमखास येतो आणि तो अजून कोणी टाकला नाही याचा आनंद आहे. 'ग्रँडमास्टर दिवसाला ६००० कॅलरी जाळतो' असं व्हॉट्सअॅपवर फिरतं. ताई, अर्जात ते चुकूनही लिहू नका. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के असतो आणि विश्रांतीतही साधारण २० टक्के ऊर्जा घेतो, हे खरं. पण जोरात विचार केला म्हणून तो खर्च दुप्पट-तिप्पट होत नाही, वाढ अगदी थोडी असते. बसून खेळणाऱ्याची तुलना त्या बाबतीत धावणाऱ्याशी होऊ शकत नाही. इथे मातीतलाच सरांचं म्हणणं बरोबर आहे.

मात्र कॅलरी म्हणजेच शरीर नव्हे. ताईंनी लिहिलेले गार, ओले तळवे ही तणावातल्या शरीराची खूण आहे. छाती धडधडते, हातापायांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, भूक मरते, झोप उडते. हे एका दिवसाचं झालं. महिनोन्महिने चाललं तर काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह यांचा जगज्जेतेपदाचा सामना. सप्टेंबर १९८४ मध्ये मॉस्कोत सुरू झाला, जो आधी सहा डाव जिंकेल तो विजेता. पाच महिन्यांत ४८ डाव झाले, त्यातले ४० बरोबरीत. कार्पोव्हचं वजन १० किलोच्या आसपास उतरल्याचं तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं. शेवटी १५ फेब्रुवारी १९८५ ला फिडेचे अध्यक्ष कँपोमानेस यांनी खेळाडू दमले आहेत हे कारण देऊन सामना निकालाविना थांबवला. दोघेही खेळाडू पुढे खेळायला तयार होते, हे वेगळं.

दुसरं, अलीकडचं. डिसेंबर २०२१, दुबई, कार्लसन आणि नेपोम्नियाची यांच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातला सहावा डाव. १३६ खेळ्या, पावणेआठ तास. मध्यरात्र उलटली होती. तोवरचे पाचही डाव बरोबरीत होते, नेपो तोडीस तोड खेळत होता. त्या रात्री हरला आणि नंतरच्या पाच डावांत आणखी तीन हरला, तेही त्याच्या दर्जाचा खेळाडू एरवी करणार नाही अशा चुका करून. त्याचं बुद्धिबळाचं ज्ञान काही त्या रात्रीत कमी झालं नव्हतं.

सर, एक विचारतो. आपल्या कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिसहून २०२४ मध्ये नेमबाजीचं कांस्य घेऊन आला. नेमबाजाचं सगळं कसब शरीर हलू न देण्यात आहे. श्वास धरायचा, दोन ठोक्यांच्या मध्ये चाप ओढायचा. तिथे घाम आणि धाप हे माप आपण लावत नाही. मग माप नक्की कोणतं?


मातीतलाच
रविवार, सकाळी ९:३०

डॉक्टर, प्रश्न रास्त आहे. पण नेमबाजाचं शरीर हेच त्याचं अवजार आहे. खांदा हलला तर गोळी चुकते. बुद्धिबळात मी घोडा कसाही उचलून ठेवला, हळू ठेवला, आपटून ठेवला, तरी घर तेच. हात फक्त निरोप पोचवतो. तो निरोप तोंडाने सांगितला तरी चालतो. हा फरक मला मोठा वाटतो.


बर्लिनवासी
रविवार, दुपारी १:१५

इकडे जर्मनीत हा प्रश्न कायद्याने सोडवलाय, तोही चार शब्दांत. सार्वजनिक हिताच्या कोणत्या कामांना करसवलत द्यायची त्याची यादी करकायद्याच्या ५२व्या कलमात आहे. तिथे 'क्रीडेला उत्तेजन' असं लिहून कंसात छापलंय, 'शाख गिल्ट आल्स श्पोर्ट', म्हणजे बुद्धिबळ क्रीडा गणलं जाईल. 'आहे' म्हटलेलं नाही, 'गणलं जाईल' म्हटलंय. व्याख्येच्या फंदात न पडता त्यांनी निर्णय घेऊन टाकला.

त्याचा परिणाम गल्लीपर्यंत दिसतो. मी आमच्या भागातल्या क्लबकडून खेळतो, अगदी खालच्या विभागात. फुटबॉलसारखी इथे बुद्धिबळाची बुंडेसलिगा आहे, एका संघात आठ पट, शनिवार-रविवारी सामने. आमच्या संघात शाळकरी मुलगा, मी आणि सत्तरीचे एक आजोबा. आजोबा परवा साडेचार तास खेळून बरोबरीत सुटले आणि उठताना त्यांना हात द्यावा लागला.


उत्तरा_यूके
रविवार, दुपारी ३:५०

आणि इंग्लंडमध्ये नेमकं उलट. इथली सरकारी क्रीडा संस्था बुद्धिबळाला आणि ब्रिजला क्रीडा मानत नाही, कारण १९९३ च्या युरोपीय क्रीडा सनदेत 'शारीरिक हालचाल' हे शब्द आहेत. ब्रिजवाले २०१५ मध्ये उच्च न्यायालयात गेले आणि हरले. लंडनमधल्या लहान क्लबांचे हाल मी बघते, चर्चच्या मागच्या खोलीत भाड्याने तीन तास, हीटर बंद. २०२३ मध्ये सरकारने बुद्धिबळासाठी १० लाख पौंड जाहीर केले, उद्यानांत पट बसवण्याची योजनाही त्यात होती. तेव्हा क्लबात खूप आनंद झाला होता. पण क्रीडा म्हणून मान्यता अजून नाही.

मला वाटतं मातीतलाच दादांची व्याख्या मान्य केली की शेवटी इथे पोचतो.


कृष्णाकाठी
रविवार, संध्याकाळी ६:३०

सगळे प्रतिसाद वाचले. मी ७१ वर्षांचा आहे, सांगलीचा. आमच्या गावात भाऊसाहेब पडसलगीकरांनी आणि नूतन बुद्धिबळ मंडळाने या खेळासाठी जे केलं ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, त्यावर पुन्हा लिहीत नाही. मला दुसरं सांगायचंय.

माझे आजोबा देशी पद्धतीने खेळायचे. प्यादं सुरुवातीलाही एकच घर पुढे. आजचा किल्लेकोट (राजा-हत्तीची एकत्र खेळी) नाही, त्याऐवजी राजाला डावात एकदाच घोड्याची उडी, तीही शह बसलेला नसेल तर. प्याद्याने मात केली तर ती सगळ्यांत मानाची. वाड्याच्या सोप्यावर जाजम घालून बसायचे. दुपारी सुरू झालेला डाव दिवेलागणीपर्यंत अर्धाच व्हायचा. मग आजी वरून पंचा टाकून पट झाकून ठेवायची आणि आम्हा पोरांना ताकीद असायची, हात लावाल तर बघा. दुसऱ्या दिवशी जेवणं झाली की पुढे सुरू. मधल्या रात्रीत कोणाला काही सुचलं तर सुचलं. बघणारे चार जण सल्ला द्यायचे. चूक झाली तर "असू द्या, मागे घ्या" म्हणायची रीतही होती. अतिशय सुंदर खेळ होता. पण ती क्रीडा नव्हती, हे मी स्वतः म्हणतो.

मग मी १५-१६ वर्षांचा असताना पहिल्यांदा स्पर्धेत बसलो. टेबलावर ते लाकडी दुतोंडी घड्याळ, डायलवर बाराजवळ लाल पताका. वेळ संपत आली की मोठा काटा ती पताका हळूहळू उचलतो. माझा डाव चांगला होता, एक हत्ती जास्त होता. पण पताका उचलली गेली होती आणि मला समोरचा पट दिसेचना. दिसत होती फक्त ती लाल पट्टी. घशाला कोरड. जी खेळी मी सोप्यावर बसून डोळे मिटून केली असती ती सापडली नाही. पताका पडली. तिचा आवाज येतो, अगदी बारीक, 'टक्'. पंचावन्न वर्षं झाली, तो आवाज विसरलो नाही.

त्या दिवशी मला कळलं की आजोबांचा खेळ आणि हा खेळ यांची घरं तीच, मोहरे तेच, पण जात वेगळी. घड्याळ आलं, हात लावला तो मोहरा खेळलाच पाहिजे हा नियम आला, कुजबुज करणारे बाहेर गेले, आणि माणूस आपल्या घाबरण्यासकट एकटा उरला. समोर तसाच दुसरा. सर, तुम्ही म्हणता ना, छाती फुटायला आली असताना पाय कुठे वळवायचा ते ठरवावं लागतं? तेच हे. धाप वेगळ्या कारणाने लागते इतकंच.


अडीचघर
रविवार, संध्याकाळी ७:००

काका, अंगावर काटा आला वाचताना. पंचा टाकून झाकलेला पट डोळ्यांपुढून हलत नाही. लेकीला मोठ्याने वाचून दाखवलं.


पंच_६४
रविवार, रात्री ९:२०

मी काही वर्षं पंच म्हणून काम करतो. काकांनी घड्याळाचं सांगितलं, मी टेबलाच्या बाजूला उभं राहून जे दिसतं ते लिहितो.

नियम असा आहे की ज्या हाताने मोहरा हलवला त्याच हाताने घड्याळ दाबायचं. ब्लिट्झमध्ये, म्हणजे अतिजलद डावात, शेवटच्या दहा सेकंदांत हे पाळताना मोठमोठ्यांचे मोहरे पडतात, आणि पडलेले मोहरे स्वतःच्या वेळेत उभे करावे लागतात. तिथे हाताचं कसब लागतंच. पण मातीतलाच सरांचा मुद्दा मी त्यावर खोडणार नाही, कारण तो प्रामाणिक आहे आणि त्याला वेगळं उत्तर आहे. दृष्टिहीन खेळाडू खाचांचा वेगळा पट वापरतात, बोटांनी चाचपून खेळतात आणि खेळी तोंडाने सांगतात. ज्यांचा हात चालत नाही त्यांच्यासाठी मदतनीस मोहरा हलवतो. म्हणजे सर म्हणतात तसं, निरोप तोंडाने दिला तरी चालतो. २०२३ मध्ये हांगझाऊच्या आशियाई पॅरा स्पर्धांत वडोदऱ्याच्या दर्पण इनानीने सुवर्ण जिंकलं, तो संपूर्ण दृष्टिहीन आहे. माझ्या मते हा या खेळाचा कमीपणा नाही. हात नसतानाही जो बरोबरीने लढू देतो असा क्रीडाप्रकार असणं ही चांगली गोष्ट आहे.

बाकी सगळी शिस्त क्रीडेचीच आहे. उत्तेजक चाचणी होते. २००८ च्या ड्रेस्डेन बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये युक्रेनचा इव्हान्चुक शेवटच्या फेरीत हरला आणि रागाच्या भरात चाचणी न देताच निघून गेला, त्यावर चौकशी बसली. पुढे शिक्षा झाली नाही, पण प्रकरण गाजलं. सरावाचंही तेच. २०२४ मध्ये सिंगापूरला डिंग लिरेनला हरवून जगज्जेता झालेल्या गुकेशबरोबर मानसिक तयारीसाठी पॅडी अप्टन होते, २०११ चा विश्वचषक जिंकलेल्या भारतीय क्रिकेट संघाबरोबर असलेले तेच. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार बुद्धिबळात रघुनंदन गोखले यांना १९८६ मध्येच मिळाला.

फक्त आशियाई स्पर्धांच्या यादीवर फार विसंबू नका. २००६ ला दोहात बुद्धिबळ होतं, कोनेरू हंपीने सुवर्ण आणलं. २०१० ला ग्वांगझूतही होतं. २०१४ आणि २०१८ ला नव्हतं. २०२३ ला पुन्हा आलं. मधली बारा-तेरा वर्षं खेळ काही बदलला नव्हता. उलट २०१८ ला जकार्तात ब्रिज होतं आणि ६० वर्षांचे प्रणब बर्धन शिबनाथ सरकारांबरोबर भारतासाठी सुवर्ण घेऊन आले. याद्या यजमान ठरवतात, त्यावर खेळाची जात ठरत नाही.


मातीतलाच
रविवार, रात्री १०:१०

कृष्णाकाठी काकांना नमस्कार. घड्याळाचा मुद्दा मनाला लागला, मान्य करतो. पंचसाहेबांचाही दृष्टिहीन खेळाडूंचा.

एक खटकतं ते विचारतो. ठरवून बरोबरी. दोघं हात मिळवतात आणि डाव संपतो. ३१ डिसेंबर २०२४ ला न्यूयॉर्कला जागतिक ब्लिट्झची अंतिम लढत होती, कार्लसन आणि नेपोम्नियाची यांनी आपसांत ठरवलं की विजेतेपद वाटून घेऊ, आणि संघटनेने ते मान्य केलं. खो-खोच्या अंतिम सामन्यात असं झालं तर लोक मैदानात उतरतील. लढत निकाली लावण्याची जिद्द नसेल तर क्रीडा कसली?


पंच_६४
रविवार, रात्री १०:४०

तो निर्णय मलाही आवडला नाही सर. पण तोच निकष लावला तर टोकियो ऑलिंपिकची उंच उडी आठवा. कतारचा बार्शिम आणि इटलीचा तांबेरी २.३७ मीटरवर अडकले, आणखी उड्या मारून निकाल लावता आला असता, त्यांनी सुवर्ण वाटून घेतलं. नियमात बसत होतं. उंच उडीला कोणी क्रीडेतून काढलं नाही.

ठरवून बरोबरीवर आता पुष्कळ स्पर्धांत बंधन असतं, तीस-चाळीस खेळ्यांच्या आत बरोबरी मागताच येत नाही.


विदर्भकन्या
रविवार, रात्री ११:२५

मी नागपूरची, त्यामुळे दिव्या देशमुखबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. जुलै २०२५, बाटुमी, महिलांच्या विश्वचषकाची अंतिम फेरी. समोर ३८ वर्षांची हंपी, ही १९ वर्षांची. पारंपरिक दोन्ही डाव बरोबरीत, मग जलद डाव. पहिला बरोबरीत, दुसऱ्यात काळे मोहरे असूनही दिव्या जिंकली. ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म (किताबासाठी लागणारी स्पर्धेतली कामगिरी) हातात नसताना ती तिथे गेली होती आणि भारताची ८८वी ग्रँडमास्टर होऊन परतली. डाव संपल्यावर तिचा चेहरा तुम्ही पाहिला असेल. आईच्या गळ्यात पडून रडली. आमच्या कॉलनीत आम्ही बायका मोबाइलला डोळे लावून बसलो होतो, निम्म्यांना घोडा कसा चालतो तेही माहीत नव्हतं.

आणि एक जुनी गोष्ट. १९७६ साली मुंबईची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली. त्यावर बराच विरोध झाला, पण फिडेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी स्त्रियांना अशी बंदी घालता येणार नाही असं सांगितलं. तिघी बहिणी, वासंती, जयश्री, रोहिणी, आपल्या मराठी घरातल्या, आणि देशाचं महिला विजेतेपद कितीतरी वर्षं त्या एका घरात फिरत होतं. अडीचघर ताई, तुमच्या लेकीला हे जरूर सांगा.


मातीतलाच
सोमवार, सकाळी ६:१५

रात्री बराच वेळ विचार केला. ताई, एक साधी माहिती द्याल? तुमच्या शाळेला स्वतःचं मैदान आहे का? क्रीडादिन कुठे झाला?


अडीचघर
सोमवार, सकाळी ७:४०

सर, नाही. मागे पार्किंग आणि पेव्हर ब्लॉकचं छोटं पटांगण आहे, तिथे प्रार्थना होते. क्रीडादिन जवळच्या महाविद्यालयाचं मैदान एक दिवस भाड्याने घेऊन केला. खो-खोची मुलं कुठे सराव करतात ते मी कधी विचारलंच नव्हतं. काल लेकीला विचारलं. म्हणाली, रस्त्यापलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर, तिथे काचा असतात म्हणून आधी सगळे मिळून वेचतात.


मातीतलाच
सोमवार, सकाळी ८:००

मला हेच वाटलं होतं.

म्हणजे बुद्धिबळाला क्रीडा न मानणारी शाळा मैदानी खेळांना मानते असंही नाही. माझा राग चुकीच्या दिशेला होता. मी समजत होतो की पट मैदानाची जागा खातो. इथे मैदान तुमच्या मुलीचा पट येण्याआधीच गेलेलं आहे.

माझं मत आता असं. पुरस्कार, दहावी-बारावीचे सवलतीचे गुण, नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण, क्रीडादिनाचं व्यासपीठ, या सगळ्यांत बुद्धिबळ इतर खेळांच्या बरोबरीने धरावं. पीटीच्या तासात मात्र धरू नये. तो तास पळण्या-उडण्याचाच राहिला पाहिजे, बुद्धिबळाच्या खेळाडूसाठीसुद्धा. दोन्ही वाक्यं अर्जात एकत्र लिहाल का? एकटं पहिलं लिहिलंत तर उद्या कोणीतरी त्याचा आधार घेऊन उरलेली पीटीही बंद करेल.


नाडीपरीक्षा
सोमवार, सकाळी ८:३५

सरांना पूर्ण अनुमोदन. आणि ताई, त्या स्कोअरशीटची झेरॉक्स अर्जाला जोडा. माझ्या कॅलरीच्या हिशोबापेक्षा ती जास्त सांगते.


बर्लिनवासी
सोमवार, दुपारी १२:१०

'गणलं जाईल' हा शब्दप्रयोग वापरा. त्यावर वाद घालता येत नाही.


अडीचघर
सोमवार, रात्री ९:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. अर्ज आज लिहिला. तीन मागण्या झाल्या आहेत. क्रीडादिनी बुद्धिबळाच्या खेळाडूंची नावं इतरांबरोबर पुकारावीत. पीटीच्या तासाला दुसरा विषय किंवा बैठा खेळ घेऊ नये. आणि त्या महाविद्यालयाचं मैदान आठवड्यातून दोन दिवस मिळावं म्हणून शाळेने पत्र द्यावं. तिसरी मागणी लेकीने घालायला लावली. खो-खोच्या संघातल्या चार मुलींच्या आयांनीही सही करायचं कबूल केलंय, उद्या सकाळी घेऊन जाते. स्कोअरशीटची झेरॉक्स जोडली. शेवटच्या खेळ्या त्यात उमटल्या नाहीत इतक्या फिक्या आहेत, म्हणून मूळ कागदही पिशवीत ठेवलाय.

सर, विभागीय स्पर्धेला तीन आठवडे आहेत. पळणं-उडणं बुद्धिबळाच्या खेळाडूसाठीसुद्धा म्हणालात, तर तिने सकाळी पळायला सुरुवात करायची ती किती आणि कशी? आजवर ती शाळेच्या बससाठीच पळालेली आहे.


मातीतलाच
सोमवार, रात्री ९:३०

पहिला आठवडा फक्त भरभर चालणं, २० मिनिटं, अनवाणी नको. दुसऱ्या आठवड्यात दोन मिनिटं पळणं, दोन मिनिटं चालणं, असं पाच वेळा. पळताना बोलता आलं पाहिजे इतक्याच वेगाने. दोरीच्या उड्या दहा-दहाच्या तीन फेऱ्या. स्पर्धेच्या आधीचे दोन दिवस पूर्ण विश्रांती. डब्यात तेलकट देऊ नका, दोन फेऱ्यांच्या मध्ये केळं आणि गूळ-शेंगदाणे द्या, आणि पोट भरत नाही म्हणून रागावू नका.

त्या प्लॉटवर पळायला पाठवू नका. काचा वेचल्या तरी बारीक तुकडे राहतात.